इंकस्केप आणि गिंपमध्ये स्वस्तिक रेखाटणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नाची पत्रिका असो, मुंजीचे निमंत्रण असो, दुकानाच्या वहीपूजनाचे पान असो किंवा दिवाळीचे शुभेच्छापत्र असो, मजकुराच्या माथ्यावर बहुधा स्वस्तिक येतेच. पाटावर कुंकवाने ते सहज काढणारी माणसेही संगणकावर बसली की अडखळतात, आणि मग कुठून तरी उतरवून घेतलेले, कधी ताणलेले, कधी चक्क उलटे झालेले चित्र छापून येते. अशा वेळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. इंकस्केप आणि गिंप ही दोन्ही सॉफ्टवेअर विनामूल्य मिळत असल्याने सर्व कृती त्यांच्याच आधारे सांगितली आहे.

स्वस्तिक काढण्यासाठी इंकस्केप वापरावे की गिंप?

रेषा स्वच्छ, सरळ आणि कोणत्याही आकारात धारदार हवी असेल तर इंकस्केप वापरावे, कारण त्यात चित्र बिंदू आणि रेषांच्या रूपात साठवले जाते आणि तेच स्वस्तिक नखाएवढे किंवा मांडवाच्या कमानीएवढे करता येते. कुंकवाचा खरखरीतपणा, बोटाचा दाब किंवा रांगोळीचे विरळ कण दाखवायचे असतील तर गिंप उपयोगी पडते. माझ्या मते सांगाडा नेहमी इंकस्केपमध्ये तयार करावा आणि गरज असेल तरच त्याला गिंपमध्ये पोत द्यावा. उलट दिशेने काम केल्यास श्रम दुप्पट होतात.

स्वस्तिकाचे नेमके प्रमाण कोणते धरावे?

सर्वांना बंधनकारक असे एकच प्रमाण नाही. पाच ओळींत पाच ठिपके मांडून रांगोळीत काढले जाणारे स्वस्तिक मात्र संगणकासाठी इतके सोयीचे आहे की दुसरे प्रमाण शोधण्याची गरज क्वचितच पडते.

हे २५ ठिपके डोळ्यांसमोर आणावेत. मधल्या उभ्या ओळीवरचे पाच आणि मधल्या आडव्या ओळीवरचे पाच ठिपके जोडले की अधिक चिन्ह तयार होते. मध्यबिंदू दोन्हीकडे मोजला गेल्यामुळे त्यात नऊ ठिपके येतात. मग प्रत्येक टोकापासून काटकोनात वळून दोन-दोन ठिपके पुढे जायचे. चार बाहूंचे मिळून हे आठ ठिपके होतात. म्हणजे २५ पैकी १७ ठिपक्यांवरून रेषा जाते आणि आठ ठिपके मोकळे राहतात. या आठांपैकी मध्याच्या तिरक्या शेजारचे जे चार आहेत, नेमक्या त्याच जागी आपण स्वस्तिकाची चार टिंबे देतो. रांगोळी काढणारीला हे सांगावे लागत नाही, कारण ठिपके आधीच मांडलेले असतात आणि तिने ते चार फक्त न पुसता ठेवायचे असतात. संगणकावर मात्र टिंबे शेवटी अंदाजाने टाकली जातात आणि म्हणूनच ती बहुतेकदा वाकडी पडतात.

बाहू कोणत्या दिशेला वळलेले असावेत?

महाराष्ट्रात पूजेत आणि मंगलकार्यात जे स्वस्तिक काढले जाते, त्यात वरचा बाहू आपल्या उजवीकडे वळतो, उजवा बाहू खाली, खालचा डावीकडे आणि डावा वर वळतो. घड्याळाच्या काट्यांची किंवा प्रदक्षिणेची जी दिशा, तीच ही दिशा. तपासताना चारही दिशा पाठ ठेवण्याची गरज नाही. वरचा बाहू उजवीकडे वळला आहे एवढे पाहावे आणि उरलेले तीन त्याच क्रमाने वळले आहेत याची खात्री करावी.

डावीकडे वळलेले रूप म्हणजे चूकच, असे सरसकट म्हणता येत नाही. जपानच्या नकाशांवर बौद्ध मंदिराची खूण म्हणून तेच वापरले जाते. आपल्या पत्रिकेवर मात्र ते जाणूनबुजून काढलेले नसते, संगणकावर कुठेतरी चित्र उलटलेले असते, आणि ती चूक टाळणे हाच या पानाचा मुख्य हेतू आहे.

इंकस्केपमध्ये स्वस्तिक काढण्याची सर्वांत सोपी पद्धत कोणती?

चार बाहू वेगवेगळे काढून जोडत बसू नये. स्वस्तिक हे दोन लांब मोडक्या रेषांचे बनलेले असते आणि दुसरी रेषा म्हणजे पहिलीच रेषा ९० अंशांत फिरवलेली असते, हे एकदा लक्षात आले की काम दोन मिनिटांचे आहे.

नवीन फाइल उघडून डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये पानाची रुंदी आणि उंची प्रत्येकी ५०० पिक्सेल ठेवावी. तिथेच ग्रिड सुरू करून आडवे आणि उभे अंतर ५० पिक्सेल द्यावे, आणि स्नॅप चालू आहे ना ते पाहावे, म्हणजे बिंदू आपोआप ग्रिडच्या छेदांवर बसतील. मग बेझिए पेन घेऊन क्रमाने चार ठिकाणी क्लिक करावे : डावीकडून ४५० व वरून ५०, नंतर २५० व ५०, नंतर २५० व ४५०, आणि शेवटी ५० व ४५०. एंटर दाबल्यावर पहिली रेषा पूर्ण होते. ती वरच्या उजव्या कोपऱ्यातून निघून मध्यावर येते, सरळ खाली उतरते आणि डावीकडे वळते.

आता कंट्रोल आणि डी दाबून तिची प्रत करावी आणि कंट्रोलसह उजवा चौकोनी कंस दाबून ती ९० अंश फिरवावी. या रेषेचा मध्य आणि स्वस्तिकाचा मध्य एकच असल्यामुळे फिरवण्याचे केंद्र हलवावे लागत नाही. प्रत जागच्या जागी फिरते आणि स्वस्तिक तयार होते. ९० अंश डावीकडे फिरवली तरी परिणाम तोच येतो, त्यामुळे येथे चुकायला जागाच उरत नाही.

रेषा कितपत जाड ठेवावी आणि टोके कशी असावीत?

फिल आणि स्ट्रोकच्या चौकटीत फिल काढून टाकावे आणि स्ट्रोकची जाडी ठरवावी. वरच्या मापांत जाडी १०० पिक्सेल दिली आणि टोकांसाठी चौकोनी टोकाचा पर्याय निवडला, तर स्वस्तिक ५०० पिक्सेलच्या पानात कडेपासून कडेपर्यंत नेमके बसते. प्रत्येक बाहू आणि शेजारची मोकळी जागा सारख्याच रुंदीची होते. असे भरीव स्वस्तिक शिक्क्यावर, फलकावर किंवा फार लहान आकारात चांगले दिसते, पण त्यात टिंबांना श्वास घ्यायला जागा राहत नाही.

पत्रिकेसाठी ४० ते ५० पिक्सेल जाडी ठेवावी. जाडी कमी केली तरी मध्यरेषा जागच्या जागीच राहतात, त्यामुळे प्रमाण बिघडत नाही आणि टिंबांसाठी पुरेशी मोकळी जागा मिळते. सांध्यांचा प्रकार टोकदार ठेवल्यास कोपरे काटकोनी दिसतात, तर सांधे आणि टोके दोन्ही गोल केल्यास रांगोळीच्या रेघेसारखा मऊपणा येतो. दोन्ही चालतात, मात्र टोके गोल आणि कोपरे टोकदार अशी सरमिसळ करू नये. तसे स्वस्तिक अर्धवट राहिल्यासारखे दिसते.

चार टिंबे नेमकी कुठे द्यावीत?

वरच्या मापांप्रमाणे त्यांचे मध्य १५० व १५०, ३५० व १५०, ३५० व ३५०, आणि १५० व ३५० या ठिकाणी येतात, म्हणजेच ठिपक्यांच्या मांडणीत जे चार आतले ठिपके मोकळे राहिले होते तिथेच. टिंबाचा व्यास रेषेच्या जाडीइतका किंवा किंचित अधिक ठेवावा. छापताना बारीक टिंब शाईत हरवते, म्हणून थोडे मोठे टिंब बरे.

एक बाहू काढून त्याची आरशातली प्रत केली तर काम लवकर होणार नाही का?

काम लवकर होईल, पण स्वस्तिक होणार नाही. कमळ, दिवा, कलश किंवा तोरण यांचे अर्धे चित्र काढून उरलेले अर्धे आरशासारखे उलटवता येते, कारण त्यांची डावी बाजू उजव्या बाजूचे प्रतिबिंब असते. स्वस्तिकाचे तसे नाही. ते ९० अंशांत फिरवले तर जसेच्या तसे दिसते, पण उलटवले की त्याची दिशाच बदलते. उजवा भाग उलटवून डावीकडे लावला तर दोन बाहू एका दिशेला आणि दोन विरुद्ध दिशेला वळलेली एक विचित्र आकृती तयार होते, आणि खेदाची गोष्ट अशी की बाजारातल्या स्टिकरांवर ती अधूनमधून दिसतेही. स्वस्तिक फिरवावे, उलटवू नये, एवढा एक नियम पाळला तर निम्म्या चुका होतच नाहीत.

गिंपमध्ये ब्रशने काढतानाही हेच लागू आहे. गिंपच्या २.१० आवृत्तीपासून सिमेट्री पेंटिंगची सोय आहे. त्यात मिरर न निवडता मंडल हा प्रकार निवडावा, बिंदूंची संख्या चार ठेवावी, केंद्र चित्राच्या बरोबर मध्यावर असल्याचे पाहावे आणि कॅलिडोस्कोपचा पर्याय बंद ठेवावा. मग मध्यापासून वर जाऊन उजवीकडे वळणारा एकच बाहू काढला की उरलेले तीन त्याच क्षणी उमटतात. ते उमटताना पाहणे हा मोठा मौजेचा प्रकार आहे, आणि मुलांना दाखवावा असा आहे.

सर्व काही बरोबर करूनही माझे स्वस्तिक उलटे झाले. असे का होते?

याची दोन कारणे वारंवार आढळतात. पहिले म्हणजे इंकस्केपमध्ये निवडीचे साधन हातात असताना एच हे अक्षर दाबले की निवडलेली वस्तू आडवी उलटते आणि व्ही दाबले की उभी उलटते. मजकूर टाइप करायला जावे, पण मजकुराचे साधन निवडायचे राहून जावे, आणि नेमके स्वस्तिक निवडलेले असावे, अशा वेळी ते नकळत उलटते. चौकोनी आकृती असल्यामुळे ही उलटापालट चटकन नजरेतही भरत नाही. गंमत म्हणजे एच आणि व्ही दोन्ही एकेकदा दाबले गेले असतील तर आकृती १८० अंश फिरल्यासारखी होऊन स्वस्तिक पुन्हा सरळ दिसते.

दुसरे कारण जुन्या आवृत्त्यांचे आहे. इंकस्केपच्या १.० या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, उभी मोजपट्टी वरून खाली वाढत जाते. त्याआधीच्या ०.९२ सारख्या आवृत्त्यांत ती खालून वर वाढत असे. त्यामुळे वर दिलेली मापे जुन्या आवृत्तीत तशीच वापरली तर आकृती डोक्यावर उभी राहते आणि तयार होणारे स्वस्तिक डावीकडे वळलेले असते. अशा वेळी व्ही एकदा दाबावे. उलटवण्याची परवानगी मिळेल अशी ही एवढीच जागा.

स्वस्तिकाच्या दोन्ही बाजूंना दोन उभ्या रेषा असतात. त्या काढाव्यात का?

अनेक घरांत या रेषांना ऋद्धी आणि सिद्धी मानतात, आणि वहीपूजनात त्या आवर्जून काढल्या जातात. काही घरांत एकेकच रेषा असते. घरातल्या ज्येष्ठांना विचारून ठरवावे. संगणकाच्या दृष्टीने इतकेच सांगता येईल की रेषांची उंची स्वस्तिकाइतकी आणि जाडी त्याच्या रेषेपेक्षा किंचित कमी ठेवावी, आणि शेवटी सगळ्यांचा एक गट करावा, म्हणजे हलवताना एखादी रेषा मागे राहणार नाही.

कुंकवाने किंवा गंधाने बोटाने काढल्यासारखे स्वस्तिक हवे असेल तर काय करावे?

सर्वांत खरी पद्धत म्हणजे ते खरोखरच बोटाने काढणे. जाड पांढऱ्या कागदावर ओल्या कुंकवाने अनामिकेने स्वस्तिक काढावे, पूर्ण वाळू द्यावे आणि ३०० डीपीआयवर, म्हणजे दर इंचाला ३०० बिंदू धरून, स्कॅन करावे. मोबाइलने छायाचित्र घ्यायचे असेल तर खिडकीच्या उजेडात, कागदाच्या अगदी वरून घ्यावे, कारण तिरकस घेतलेल्या छायाचित्रात चौकोनाचा समलंब होतो आणि तो नंतर सरळ करण्यात वेळ जातो.

कुंकवाचा पोत राखायचा असेल तर गिंपमध्ये पांढरी पार्श्वभूमी पारदर्शक करावी आणि तेथेच थांबावे. फक्त बाह्याकार हवा असेल तर गिंपच्या थ्रेशोल्डने चित्र निव्वळ काळे-पांढरे करून इंकस्केपमध्ये आणावे आणि ट्रेस बिटमॅपने त्याच्या रेषा करून घ्याव्यात. ट्रेस केल्यावर कडेला शेकडो बिंदू तयार होतात. कंट्रोल आणि एल दाबून ते कमी करता येतात, पण दोन-तीन वेळांहून अधिक दाबू नये, नाहीतर बोटाची थरथर जाते आणि ज्यासाठी हा खटाटोप केला तेच हातचे निघून जाते.

हाताने काढायला वेळ नसेल तर गिंपमध्ये पाथ काढून स्ट्रोक पाथ हा आदेश द्यावा आणि खडूसारख्या खरबरीत कडांचा ब्रश निवडावा. परिणाम बरा येतो, पण जाणकाराच्या नजरेला फरक कळतो.

फाँटमध्ये स्वस्तिक आयते मिळते, मग काढण्याचा खटाटोप कशासाठी?

युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या सर्व लिपींच्या सामाईक चिन्हयादीत, स्वस्तिक आहे, पण देवनागरीच्या विभागात नाही. चिनी-जपानी लिपीच्या अक्षरांत त्याची उजवी आणि डावी अशी दोन रूपे आहेत, आणि तिबेटी लिपीच्या विभागात २००९ साली आलेल्या ५.२ आवृत्तीत चार चिन्हे घातली गेली, ज्यांत टिंबांसह असलेली दोन रूपे आहेत. मराठी मजकुरासाठी वापरल्या जाणाऱ्या बहुतेक फाँटांत ही चिन्हे नसतात. संगणक ती दुसऱ्याच एखाद्या फाँटातून उचलतो, आणि तो फाँट समोरच्या यंत्रावर नसला की स्वस्तिकाच्या जागी रिकामा चौकोन उमटतो. फाँट बनवणारेही आपला निर्णय बदलू शकतात. मायक्रोसॉफ्टने ऑफिस २००३ सोबत दिलेल्या एका चिन्हांच्या फाँटात स्वस्तिके होती आणि तक्रारींनंतर ती काढून टाकणारे अपडेट कंपनीने दिले होते.

संदेशात किंवा टिपणात फाँटातले चिन्ह खुशाल वापरावे. छापायच्या कामात मात्र स्वतः काढलेली आकृतीच वापरावी.

कोणता रंग द्यावा?

कुंकवाचा लाल, शेंदरी, हळदीचा पिवळा आणि सोनेरी हे रूढ रंग आहेत. पडद्यावर जो भडक लाल दिसतो तो छपाईच्या चार शाईंत जसाच्या तसा उतरत नाही, कारण पडदा प्रकाशाचे रंग मिसळतो आणि छापखाना शाईचे. छपाईत लाल रंग मॅजेंटा आणि पिवळ्या शाईच्या मिश्रणातून येतो. दोन्ही १०० टक्के घेतले की स्वच्छ लाल मिळतो आणि त्यात थोडा काळा मिसळला की तो कुंकवाकडे झुकतो.

येथे एक व्यावहारिक अडचण आहे. लाल रेषा दोन शाईंची बनलेली असल्यामुळे त्या शाई एकमेकींवर तंतोतंत पडल्या नाहीत तर बारीक रेषेच्या एका कडेला पिवळी आणि दुसऱ्या कडेला गुलाबी झाक दिसते. म्हणून चार रंगांच्या छपाईत स्वस्तिकाची रेषा फार बारीक ठेवू नये. एकाच तयार लाल शाईने स्क्रीन प्रिंटिंग होणार असेल तर ही भीती नाही. तांबड्या पार्श्वभूमीवर पांढरे वर्तुळ आणि त्यात काळे स्वस्तिक ही रंगसंगती मात्र टाळावी. त्याचे कारण परदेशाविषयीच्या उत्तरात आले आहे.

छापखान्यात कोणती फाइल द्यावी?

आपल्याकडील बहुतेक छापखाने कोरलड्रॉवर काम करतात आणि त्यांचे पहिले वाक्य असते, "सगळे कर्व्ह करून पाठवा." याचा अर्थ असा की फाँट आणि रेषांची जाडी यांवर विसंबून न राहता प्रत्येक गोष्टीचा पक्का बाह्याकार करावा. इंकस्केपमध्ये दोन्ही रेषा निवडून पाथ या यादीतील स्ट्रोक टू पाथ हा आदेश द्यावा आणि नंतर युनियन करून त्यांचा एकच आकार करावा. हे न केल्यास दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र लहान-मोठे करताना रेषेची जाडी मूळचीच राहू शकते, आणि मग लहान केलेले स्वस्तिक जाड रेषांचा गोळा होऊन बसते. कर्व्ह करण्यापूर्वीची मूळ फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवावी, कारण नंतर जाडी बदलायची झाली तर तीच लागते.

पाठवताना पीडीएफ द्यावी. इंकस्केप मुळात पडद्याच्या रंगांत काम करते, म्हणून छपाईचे रंग पक्के हवे असतील तर आकृती स्क्रायबस या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये नेऊन तिथे शाईची टक्केवारी द्यावी किंवा छापखान्यालाच रंग बदलून घ्यायला सांगावे. पीएनजी द्यायची वेळ आलीच तर आकाराचा हिशेब करावा. चार सेंटिमीटरचे स्वस्तिक ३०० डीपीआयवर छापायला सुमारे ४७२ पिक्सेल रुंदीचे चित्र लागते. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले चित्र छापायला देऊ नये.

आणि छपाईपूर्वीचा नमुना स्वतः पाहावा. आमच्या घरच्या एका मुंजीच्या पत्रिकेत मजकूर अचूक होता, पण सोनेरी फॉइलचा ठसा वेगळा केलेला असल्यामुळे त्यातले स्वस्तिक तेवढे उलटे आले. नमुना आम्ही केवळ वाचून मंजूर केला होता, चित्राकडे कोणी पाहिलेच नव्हते.

शिक्का, टी-शर्ट किंवा काचेवरच्या स्टिकरसाठी वेगळी काळजी घ्यावी लागते का?

होय, कारण येथे आरसा मुद्दाम वापरावा लागतो. रबरी शिक्का, लाकडी ठसा आणि इस्त्रीने उठवायचे टी-शर्टवरचे चित्र यांत मूळ आकृती उलटी असावी लागते, तेव्हाच उमटणारी आकृती सुलटी येते. पुष्कळ ठिकाणी कारागीर किंवा यंत्राचे सॉफ्टवेअर हे उलटवण्याचे काम स्वतःच करते. आपणही आधीच उलटवून दिले तर दोनदा उलटून शेवटी चुकीचे स्वस्तिक उमटते. म्हणून फाइल नेहमी सुलटी द्यावी आणि "उमटल्यावर वरचा बाहू उजवीकडे वळलेला दिसला पाहिजे" असे वाक्य सोबत लिहावे. फाइलमध्ये शुभ-लाभ ही अक्षरे असतील तर उत्तमच, कारण अक्षरे उलटी आली की कोणाच्याही लक्षात येते.

काचेच्या दारावर पारदर्शक स्टिकर लावल्यास बाहेरून सुलटे दिसणारे स्वस्तिक आतून उलटे दिसणारच, त्याला उपाय नाही. दोन्ही बाजूंनी ये-जा असेल तर मागे अपारदर्शक पांढरा थर असलेले दोन स्टिकर पाठीला पाठ लावून बसवावेत.

लहान आकारात किंवा मोबाइलवर पाठवल्यावर स्वस्तिक धूसर का दिसते?

आकृती पाच घरांची असल्याने तिची पिक्सेलमधील रुंदी पाचाच्या पटीत असली की प्रत्येक रेषा पूर्ण पिक्सेलांवर बसते. १५, २० किंवा २५ पिक्सेलचे भरीव स्वस्तिक स्वच्छ दिसते. १६ पिक्सेलच्या चिन्हात ते ताणून भरले तर कडा धूसर होतात, त्यापेक्षा १५ पिक्सेलचे काढून एक पिक्सेल मोकळा सोडावा. मोबाइलवर धूसरपणा येतो तो जेपीजीमुळे. या प्रकारात चित्र साठवताना रंगांचा तपशील बराच कमी केला जातो आणि लाल रेषांच्या कडा त्यात सर्वांत आधी विरघळतात. चित्र पीएनजीमध्ये साठवून डॉक्युमेंट म्हणून पाठवावे.

जैन परंपरेतील स्वस्तिक काढताना काय लक्षात ठेवावे?

जैन परंपरेत स्वस्तिकाचे चार बाहू देव, मनुष्य, तिर्यंच (पशुपक्षी) आणि नारकी या चार गती दर्शवतात, त्याच्या वरची तीन टिंबे सम्यक दर्शन, ज्ञान आणि चारित्र्य ही रत्नत्रयी दर्शवतात, आणि त्यांच्याही वर चंद्रकोरीसारखी सिद्धशिला व तिच्यावर एक टिंब असते. सातवे तीर्थंकर सुपार्श्वनाथ यांचे लांछनही, म्हणजे ओळखीचे चिन्हही, स्वस्तिकच आहे. या रचनेत टिंबांचा क्रम आणि संख्या अर्थाला बांधलेली असल्यामुळे सजावटीसाठी एखादे टिंब वाढवणे किंवा कोर खाली ओढणे योग्य नव्हे. मध्यावरून जाणारी एक उभी मार्गदर्शक रेषा आखून स्वस्तिक, मधले टिंब, कोर आणि शेवटचे टिंब हे सर्व तिच्यावर मध्यभागी आणावे, आणि तीन टिंबांतील अंतर अलाइनच्या साधनाने सारखे करावे.

परदेशातील मंडळाच्या दिवाळी निमंत्रणावर स्वस्तिक वापरावे का?

जर्मनीत नाझी पक्षाने १९२० मध्ये हे चिन्ह आपले म्हणून घेतले आणि १९३५ पासून ते त्या राजवटीच्या राष्ट्रध्वजावर एकमेव झाले. तेथील लोकांच्या स्मृतीत ते त्याच रूपात आहे आणि ती स्मृती खोटी नाही. नाझींचे चिन्ह उलट्या दिशेचे होते, असे आपल्याकडे पुष्कळदा सांगितले जाते, पण ते बरोबर नाही. त्याचे बाहूही उजवीकडेच वळलेले होते. फरक होता तो ४५ अंशांच्या कलण्याचा, काळ्या रंगाचा, पांढऱ्या वर्तुळाचा आणि लाल पार्श्वभूमीचा. म्हणून स्वस्तिक कधीही तिरके ठेवू नये, काळे करू नये आणि पांढऱ्या वर्तुळात कोंडू नये. सरळ, लाल किंवा सोनेरी, चार टिंबांसह आणि शेजारी दिवा, कलश किंवा देवनागरी अक्षरे असलेले स्वस्तिक आपला संदर्भ स्वतःच सांगते.

कायदाही काही ठिकाणी हा भेद ओळखतो. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्स या राज्यांनी २०२२ मध्ये नाझी चिन्हांच्या प्रदर्शनावर बंदी घालताना हिंदू, बौद्ध आणि जैन परंपरेतील वापर वगळला आहे. जर्मनीत मात्र अशा चिन्हांच्या जाहीर वापराला मनाई करणाऱ्या दंडसंहितेच्या ८६-अ या कलमामुळे लोक याबाबत फार संवेदनशील असतात. कार्यक्रम मंडळाच्या सभागृहात असेल तर रांगोळीत स्वस्तिक काढायला हरकत नसावी, पण शहरभर लागणाऱ्या फलकावर किंवा शेजाऱ्यांच्या टपालपेटीत जाणाऱ्या पत्रकावर मी तरी पणती वापरीन.

आयते उतरवून घेतलेले स्वस्तिक बरोबर आहे की नाही, हे कसे तपासावे?

चित्र गिंपमध्ये उघडून ते स्वस्तिकाच्या कडांपर्यंत चौरस कापावे. लेयरची प्रत करावी, ती ९० अंश फिरवावी आणि वरच्या लेयरचा मोड डिफरन्स करावा. दोन्ही लेयर जिथे जुळतात तिथे काळा रंग दिसतो, म्हणून आकृती निर्दोष असेल तर सगळे चित्र काळे होते. एखादा बाहू आखूड असेल, चुकीच्या दिशेला वळला असेल किंवा टिंब सरकले असेल, तर तेवढीच जागा उजळून दिसते. हाताने काढलेल्या स्वस्तिकात कडांना थोडा उजेड दिसणारच आणि तो दोष मानू नये.

या चाचणीची एक मर्यादा आहे. पूर्ण उलटे झालेले स्वस्तिकही ९० अंशांत फिरवल्यावर स्वतःशी तंतोतंत जुळते, त्यामुळे तेही काळेच दिसते. वरचा बाहू उजवीकडे वळला आहे की नाही, हे शेवटी डोळ्यांनीच पाहावे लागते.